रांजण आधी

पहाटे साडेचारला शारजातून निघालो,
तीन गाड्या, चौदा माणसं,
आणि पाण्याचा एक क्रेट, जो नक्की कुणाच्या डिकीत
यावर रास अल खैमा येईपर्यंत वाद.
हेरंब पुढे. त्याच्याकडे शिट्टी, मोबाइलमधली वाट,
आणि ‘अर्धा तास राहिला’ हे वाक्य,
जे तो सातपासून वापरतोय.

डोंगर म्हणजे नुसता दगड.
माती नाही, गवत नाही,
सावली एका माणसाला पुरेल एवढी, तीही सरकणारी.
आपल्याकडे वाट हरवते कारवीत;
इथे हरवते ती सगळीकडेच वाट दिसते म्हणून.
पायाखाली खापऱ्या वाजाव्यात तसे दगड वाजतात.
शेळीच्या लेंड्या दिसल्या की बरं वाटतं,
कुणीतरी गेलंय इथून,
आणि खाऊनपिऊन गेलंय.

मी शेवटून दुसरी.
शेवटी शकील मुकादम, खेडचे.
मागे कुणी राहू नये हे बघायचं काम त्यांच्याकडे.
माझा गुडघा बोलायला लागला की
ते खाली बसून बुटाची नाडी बांधतात.
चार वेळा बांधली.
सुटलेली एकदाही नव्हती.

‘भीती नाही वाटत तुम्हाला?’
कड्याकडे न बघता मी विचारलं.
‘बावीस वर्षं टॉवर क्रेन चालवतो, बाय.
उंची रोजचीच.
पण तिथं काचेच्या डब्यात बसून माल उचलायचा,
सळया, पाट्या, काँक्रीटची बादली.
आज पहिल्यांदा
माझं वजन मीच वर नेतोय.
जड आहे, हां.’

शिखराच्या अलीकडे एक दगडी घर,
अर्धं जमिनीत रुतलेलं.
दारातून वाकून जाता येत नाही, रांगावं लागतं.
बाहेर एक म्हातारा, हातात छोट्या पात्याची कुऱ्हाड,
तिच्यावरच टेकून उभा.
उन्हाळ्यात सगळे खाली खजुराच्या बागांकडे जायचे, म्हणाला,
धान्य आत, दाराला कुलूप, सहा महिने.
आता कुलूप नाही. धान्यही नाही.

बॅटरी आत धरली.
कोपऱ्यात रांजण. तीन.
हेरंबने दाराला वीत लावली, मग रांजणाला,
मग पुन्हा दाराला.
रांजण दारापेक्षा मोठे.

‘आत नेले कसे?’
म्हातारा हसला. मोडक्या उर्दूत म्हणाला,
‘पहले ये. घर बाद में.’

मी दोन वर्षांसाठी आले होते.
लॅबमध्ये नोकरी, रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची,
दोन वर्षं, मग परत साताऱ्याला.
मग मुलाची शाळा सुरू झाली. हा एक दगड.
मग सोफा. सोफा घेतला त्या दिवशी
मी रडले होते, का ते कळलं नव्हतं.
मग फलटणच्या फ्लॅटचं कर्ज, जिथे कुणीच राहत नाही.

मुकादम अजून दारात डोकं घालून बसलेले.
‘मोडल्याशिवाय निघायचा नाही,’ म्हणाले.
बऱ्याच वेळाने, बाहेर येऊन, हात झटकत:
‘रांजण, नाहीतर घर.’

वर पोचलो तेव्हा साडेअकरा.
सगळ्यांचे फोन एकदम वाजले,
ओमानमध्ये आपलं स्वागत आहे.
फोनला वाटलं आम्ही देश बदलला.
रोमिंग बंद करायची एकच धावपळ,
भडंगाची पिशवी सांडली, वारा ती
सरहद्दीपलीकडे घेऊन गेला, विनाव्हिसा.
पश्चिमेला समुद्राची एक कड चमकत होती.
कुणी फार बोललं नाही. संत्री सोलली.

उतरताना मुकादमांचा श्वास ऐकू यायला लागला.
चढापेक्षा उतार वाईट, क्रेनवरून कळत नाही, म्हणाले.
मी थांबले, खाली बसले,
बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.
सावकाश. दोन्ही पायांची.

क्रेट शेवटी माझ्याच डिकीत निघाला.
पाणी चहासारखं तापलेलं.
प्यायलो सगळे, उभ्यानेच.