कूलर बंद कर

शुक्रवारी रात्री साडेनऊला मानेवाड्यात
दिवसभराचे शेहेचाळीस अंश
भिंतींनी अजून सोडलेले नसतात.
खिडकीतला कूलर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजतो
आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर कोणीतरी कुजबुजतं.
"कूलर बंद कर," हे म्हणतात.
सुमेध उठून बटण दाबतो.
मग आम्ही चौघं एका खुनासाठी
आनंदाने घामाघूम होतो.

बत्तीस वर्षं मी एजी ऑफिसात लेखापरीक्षण केलं.
पावतीवरची तारीख रविवारची निघाली
की माझी हिरवी पेन्सिल तिथंच थांबायची.
गोंदियाच्या एका ट्रकने एका दिवसात
अठराशे किलोमीटर मुरूम वाहिला होता, कागदावर.
तो ट्रक मी पकडला होता.

आणि आता मी काय पाहते?
इन्स्पेक्टरचा मोडका हात चहाच्या आधी डावा,
चहा पिऊन झाल्यावर उजवा.
रामटेक म्हणून दाखवतात त्या टेकडीमागे नारळाची झाडं,
कान देऊन ऐकलं तर समुद्रसुद्धा.
खून झालेली बाई श्वास घेते,
बेताने, पदर हलेल न हलेल असा.
भंडाऱ्याहून निघालेला खुनी
जाहिराती संपायच्या आत सीताबर्डीत पोचतो
आणि त्याला गाडी लावायला जागा मिळते.
हे शेवटचं मला फारच लागलं.

"मोठीआई, यात लॉजिकच नाही," सुमेध म्हणतो.
"चूप बस बे. टरबूज खा."

ह्यांचा जन्म अजनीच्या शेडमध्ये गेला.
धावत्या इंजिनावरून असं उतरता येत नाही
हे त्यांच्या गुडघ्यांनासुद्धा ठाऊक आहे.
तरी ती पोरगी उतरते तेव्हा
खुर्चीच्या टोकावर येऊन ओरडतात,
"मांगं पाह्य ना वं, मांगं!"
शेजारच्या वैरागडेकाकूंच्या तोंडात टरबुजाची बी
कधीची तशीच आहे,
थुंकायचं राहून गेलंय.

माझ्या फायलींमध्ये सगळं जुळायचं.
व्हाउचर, सही, शिक्का, बेरीज.
पैसे तेवढे नसायचे,
आणि ते कोणी नेले ते मी निवृत्त झाले तरी कळलं नाही.
इथे काहीच जुळत नाही,
पण दर शुक्रवारी जिन्यावर पावलं वाजतात
आणि माझ्या मानेवरचे केस
कुठलाही पुरावा न मागता उभे राहतात.

परवा खुनी वळणारच होता.
आधी बूट दिसले, मग अंगठी, मग कानाची पाळी,
आणि लाईन गेली.

अंधारात आधी कोणीच बोललं नाही.
मग काकू म्हणाल्या, "माळी."
"त्यात माळी आहेच कुठे?"
"असंल ना बाप्पा, एवढा बगीचा हाये तं."
सुमेध, ज्याला लॉजिक हवं होतं,
मोबाइलच्या उजेडात वहीवर बाण काढून सांगू लागला
की डॉक्टरच, डॉक्टरशिवाय कोणीच नाही.
ह्यांना पहिल्या भागापासून
त्या मेलेल्या बाईचाच संशय आहे.

लाईन आली तेव्हा नावं वर सरकत होती.
दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवलं तेव्हा कळलं:
बायकोचा भाऊ.
"पण तो तं तुरुंगात होता ना?" हे म्हणाले.
होता. चौथ्या भागापासून होता.
मी स्वतः पाहिलं होतं त्याला गजांआड,
नंबरसकट.
तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुटला असेल," मी म्हणाले. "जामिनावर."

बत्तीस वर्षांत मी कोणाला
एवढी सूट दिली नव्हती.

"बरोबर," काकू म्हणाल्या, आणि पंख्याखाली सरकल्या.
मी उठले, मागच्या दाराची कडी पाहून आले,
भर दुपारी,
आणि परत येताना पुन्हा एकदा.
कूलर तासाभरापासून बंद होता.
कोणाच्या लक्षातच नव्हतं.