अठरा वाव

अहवाल पेपरात आला त्या दिवशी
मी हर्णैच्या बंदरावर फाटलं जाळं शिवत होतो.
बर्फवाल्या जनूने मोठ्याने वाचलं:
वैमानिकाची चूक.
दोन शब्द. एकशे बारा माणसं
त्यात मावली.

खाली बारीक अक्षरांत होतं,
अवसेच्या रात्री ढगाबाहेर पडल्यावर
त्याला वर-खाली कळेनासं झालं.
यंत्रं बरोबर सांगत होती,
त्याने डोळ्यांचं ऐकलं.

डोळ्यांना काय दिसलं, ते छापलेलं नाही.

सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेला आम्ही सात बोटी.
म्हाकुलासाठी बत्त्या सोडलेल्या,
बंदी असलेल्या, जनरेटरवरच्या, पांढऱ्याफटक.
बाकी काळोख असा
की पाणी कुठे संपतं ते हात घातल्यावरच कळावं.
वरून बघणाऱ्याला
आम्ही चांदण्या वाटलो असू.

आवाज आधी आला की लाट,
यावर आमचं अजून जुळत नाही.
दामू तांडेल ओरडला, बत्त्या मालवा,
कोस्टगार्ड यायच्या आत मालवा.
मालवल्या.
मी स्वतः दोन.

मग एक हाक आली.
एकदाच. डाव्या अंगाने.
बोट गरगरत होती, तोंडात रॉकेलची चव,
आणि मला, तीस वर्षं दर्यात काढलेल्या मला,
डावं कुठलं ते सुचेना.

पहाटेपर्यंत एकोणीस जण वर काढले.
कुणाचा श्वास चालू नव्हता.
एका ताईच्या मुठीत
अर्धा फाडलेला बडीशेपेचा पुडा होता.

जबाबात आम्ही सांगितलं, पापलेटला गेलो होतो.
साहेबांनी शाल दिली, नारळ दिला.
नारळ घरात फोडला नाही कुणी.
शाल पत्र्याच्या पेटीत आहे, घडीसकट.

चैत्रात वैमानिकाचे वडील आले.
बिवलकर. शाळेत भूमिती शिकवायचे म्हणे.
चप्पल काढून धक्क्यावर उभे राहिले,
लोक त्यांच्याकडे बघत होते तसे बघू दिले.
मला विचारलं, तिथे पाणी किती?
अठरा वाव, म्हटलं.
त्यांना वाव माहीत नव्हता.
म्हणून मी दोन्ही हात पसरून दाखवले:
या बोटापासून त्या बोटापर्यंत,
एवढं,
अठरा वेळा.

ते माझ्या हातांकडे बघत राहिले.
मला ते
खाली घेता येईनात.