कुठं लागलं

रविवारी रात्री, सांगलीच्या मार्केट यार्डात,
अडत दुकानाचं शटर अर्धं ओढून
आम्ही चौघं हळदीच्या पोत्यांमध्ये बसतो.
तराजूच्या लोखंडी पाट्यावर नकाशा,
कोपऱ्यांवर वजनं: दोनशे ग्रॅम, पाचशे, किलो, किलो.
जग मी चालवतो.
म्हणजे दरवाजा कुठं उघडतो, राक्षस कधी जागा होतो,
एवढं माझ्याकडं.
बाकी फाशाकडं.

भरतेशचा योद्धा, अंगात त्रेचाळीस प्राण.
कृष्णेत मगरी आहेत म्हणून माझा राक्षसही मगरतोंड्या.
त्यानं पुलाखाली अकरा नेले, मग नऊ, मग एकदम वीस.
"उरले तीन," भरतेश म्हणाला,
आणि त्या तिघांवरच पुढच्या फेरीला
दोन्ही हातांची तलवार फिरवली,
त्रेचाळिसाच्याच जोरात.

तबस्सुमनं पेन्सिल खाली ठेवली.
ती मिरजेला भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसिंग करते.
"चाळीस गेले म्हणजे काय गेलं रे?
चामडी? हाड?
कितव्या आकड्याला वास यायला लागतो?"

मी नियम सांगितला, थोडा सजवून:
प्राण म्हणजे रक्त नव्हे.
दम आहे तो, नशीब आहे,
वार हुकवायला लागते ती टीचभर चपळाई.
दात लागलाच नाही, शेजारून गेला,
आणि शेजारून जाण्याचीही किंमत पडते.
शेवटचा एक तेवढा शरीराचा.
"आणि रात्रभर झोपला की सगळे परत?"
हो. झोपेनं दम येतो.
"नशीबपण?"
उन्मेष हसला. त्याचा चोर कायम झोपूनच बरा होतो.

तबस्सुमची वैदीण आहे, जख्ख म्हातारी.
पुस्तकात लिहिलंय: हात ठेवायचा, फासा टाकायचा,
येईल तो आकडा मिळवायचा.
ही आधी विचारते, "कुठं लागलं?"
नियमात नाही ते. मी चालू देतो.
भरतेशचं उत्तर ठरलेलं,
"कुठं का असंना. टाक तू."

दोन वर्षांपूर्वी, ऐन सीझनला,
पॉलिशच्या ड्रममध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.
ड्रम आमचाच.
कुणीतरी घाईत मूठभर हळद दाबली,
तीच होती ना हाताशी, ढिगानं.
तबस्सुम तेव्हा कॅज्युअल्टीला होती.
दीड तास ती हळद धूत बसली, चिमट्यानं, कण कण.
आमची ओळख तिथली.
मग भरतेशनं योद्धा निवडला,
तलवार दोन्ही हातांची निवडली,
मी काही बोललो नाही.

"कुठं लागलं?" तिनं विचारलं.
त्यानं नकाशाकडं बघितलं. बराच वेळ.
"करंगळीला."
"कुठल्या हाताच्या?"
"डाव्या. थंडीत जास्त.
पहाटे तीनला आपोआप मूठ वळते,
नख तळव्यात रुतत जातं,
आणि मूठ उघडावी तर..."
उन्मेषनं पोत्याच्या सुतळीचा एक दोरा ओढला,
ओढतच राहिला.

मी पुस्तक उघडलं.
विषबाधेचं पान आहे, शापाचं आहे,
दगड झालेल्या माणसाला परत माणूस करण्याचं आहे.
मिटलं.

तबस्सुमनं हात ठेवला.
त्याच्या हातावर नाही, हाताच्या शेजारी,
करंगळी जिथं असती तिथं,
गार लोखंडावर.
दुसऱ्या हातानं फासा टाकला,
तो पाट्यावरून उडाला आणि पोत्यांखाली गेला.

मोबाईलच्या उजेडात आम्ही चौघंही पालथे,
कुणी शिंकतंय, कुणी घूस म्हणून ओरडतंय.
सापडला तो तिसऱ्या थप्पीखाली,
सगळ्या बाजूंनी पिवळा.
वर काय आकडा होता
मी बघितलं नाही. उचलला फक्त.

पुसायला रुमाल काढला तर
"राहू दे," भरतेश म्हणाला.
"डाव कुणाचा?"