ओहोटीची वही

माझं काम मोजण्याचं.
रात्री अकरा ते सकाळी सात, धक्का क्रमांक दोन.
क्रेनच्या जाळीतून गोठलेला ट्यूना उतरतो
धोंड्यावर धोंडा आपटावा तसा,
आणि मी लिहीत जाते:
एक टन दोनशे. एक टन ऐंशी. नऊशे चाळीस.
काटा खोटं बोलत नाही, असं आमचा मुकादम कैतारा म्हणतो.
खरं आहे.
काटा विचारलं तेवढंच सांगतो.

बंदर नव्हतं तेव्हा
महिन्यातून एकदा बोट यायची. यायची म्हणजे, आली तर.
माझा भाऊ बारानिको पोट धरून वाकला तो मंगळवारी.
बोट आली शनिवारी दुपारी,
तांदूळ, रॉकेल, सायकलचे टायर
आणि दोन दिवस उशीर घेऊन.

म्हणून मानेआबात सभा भरली,
म्हातारे आपापल्या खांबाला टेकून बसले,
कोणी म्हणालं प्रवाळ मरेल, कोणी म्हणालं मरू दे,
तेव्हा बायकांच्या बाजूने
पहिला हात वर गेला तो माझ्या आईचा.
जिचं अर्ध आयुष्य त्या खाजणात
गुडघे मोडून शिंपल्या वेचण्यात गेलं, तिचा.

चार महिने ड्रेजर चरत होता.
त्याने खोल केलं, त्याने पांढरा चुरा ओकला,
त्या चुऱ्यावर आज मी उभी आहे बूट घालून.
खाडीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं
ते अजून निवळलेलं नाही.

मिळालं, नाही कशाला म्हणू?
शाळेवर नवा पत्रा.
दवाखान्यात फ्रिज, फ्रिजमध्ये इन्शुलिन,
ते टोचून घेणारे आमचेच लोक,
बोटीतून आलेली साखर खाऊन आजारी पडलेले.
मला पगार. आईला चष्मा.
चष्म्यातून तिला गाळ स्वच्छ दिसतो.

एकदा पाहणीला एक माणूस आला,
नाकावर पांढरं मलम, मांडीवर कागद.
आठवड्याला किती किलो शिंपल्या मिळायच्या, आधी?
आई म्हणाली,
चुलीवर भात ठेवून निघायचे,
त्याला दुसरा कढ येईपर्यंत टोपली भरायची.
आणि आता?
आता भात करपतो.
त्याने मान हलवली आणि रकान्यात लिहिलं:
माहिती उपलब्ध नाही.

परवा अमावास्येची मोठी ओहोटी होती.
पाळी संपवून निघाले तर
आई कुंपणापाशी उभी, पायांना पोटरीपर्यंत काळा गाळ,
केवड्याच्या पातीची टोपली कडेवर.
तळाशी ते-बुन, जाड पाठीच्या, रेघारेघांच्या,
दोन्ही हातांच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या.
काय वाटलं कोण जाणे,
मी टोपली घेतली आणि काट्यावर ठेवली.

हा काटा टनांचा.
वीस किलोखालचं त्याला कळत नाही.
हिरवे आकडे जरा थरथरले
आणि शून्य.
कैतारा हसला. मीही हसले, मग हसू येईना.
वहीच्या शेवटच्या पानावर,
जिथे मी उसने पैसे लिहिते तिथे लिहिलं:
शिंपल्या, अकरा. त्यातल्या दोन रिकाम्या.

आईने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
ती पाहत होती खडकाच्या पलीकडे,
जिथे पाळी लागायची वाट बघत
गंजक्या पोटाची तीन जहाजं उभी होती.
यातल्या एकात औषधं असतील ना, तिने विचारलं.
यात मासळी आहे, म्हटलं, औषधाची बोट गुरुवारी.
गुरुवारी नक्की?
नक्की.

तिने टोपली उचलली.
चालताना शिंपल्या आत वाजत होत्या,
भरलेली टोपली अशी वाजत नाही.