गुरुवारचा दर

रुवीच्या चौथ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
मी बाण काढत बसते.
ह्याचा त्याला, त्याचा पलीकडच्याला.
एक वीट काढली तर कुठवर हादरेल
एवढंच माझं काम. बांधणारे वेगळे, पाडणारे वेगळे.

घरी पैसे पाठवायची ही जुनी यंत्रणा,
एकसंध, अगडबंब.
तिचे आता लहान लहान तुकडे करायचेत,
ज्याने त्याने आपल्यापुरतं बघायचं.
हमूद म्हणतो, ज्याचं कारण मेलंय ते पुसून टाक.

अशाच चार ओळी सापडल्या. वर टीप:
गुरुवार, सुट्टी. दर बदलू नये. अ. परकार.

गुरुवारची सुट्टी ह्या देशाने कधीच शनिवारवर ढकलली.
ओळींना कुणी कळवलंच नाही.
त्या अजून गुरुवारी बुधवारचाच दर दाखवतात
इमानेइतबारे.

परिणाम: शून्य. लिहूनही झालं.
मग सहज जुन्या नोंदी उघडल्या.
बाकीचे वार गुडघ्याएवढे
आणि मधूनच एखादा गुरुवार खांद्याला लागणारा.
सगळे नव्हेत.
ज्या गुरुवारी रुपया वधारला, तेवढेच.

खाली, बसस्टॉपच्या कठड्यावर
देगलूरचा साईनाथ बोईनवाड, शटरिंगवाला, नखांत सिमेंट.
फोनच्या तडकलेल्या काचेआड आमचंच पान उघडं.
"ताई, बेस्तरवारी हितं कालचाच भाव असतंय.
समोरच्याची पाटी उतरली की कॅम्पात सांगायचं."
कुणी शिकवलं?
"आधीच्यानं."
आणि त्याला?
तो हसला. "त्याच्या आधीच्यानं."

परकार आता हर्णैला असतात. फोनमागे कोंबड्या.
"अजून आहे तो गुरुवार?" हसता हसता ठसका.
"घाईत लिहिलेला हो. शनिवारी नीट करणार होतो."

तक्त्यात तीन घरं: कमी, मध्यम, जास्त.
शेजारी एक रकाना, कोण अवलंबून आहे.
तिथे यंत्रणांचीच नावं चालतात,
बोईनवाड टाइप केलं तर लाल होतं.

शून्य लिहिलं तर पुसतील.
जास्त लिहिलं तर वाचतील,
आणि मग पुसतील.
कंपनीचंही चुकत नाही म्हणा,
पैसे तिचेच जातात.

हमूदने दारातून विचारलं, झालं का?
आज बुधवार.
समोरच्या पाटीवरचा आकडा दुपारपासून डळमळतोय.
म्हटलं, एक बाण अजून लागत नाहीये,
रविवारी देते.