केव्हाही

पहिल्या दिवशी फाईल मिळाली, पेन,
आणि गळ्यात अडकवायला नाव:
विजयालक्ष्मी अंबादास गुरम.
गुर्रममधला एक र छापणाऱ्यानं खाल्ला होता.
वय छत्तीस, तासिका तत्त्वावर अकरा वर्षं शिकवून
आता पुन्हा बाकावर.
केगावच्या माळावरचं ऊन खिडकीशी,
वर पंखा तेच ऊन ढवळतोय.

पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या,
समजा लिफ्टमध्ये मोठा माणूस भेटला,
तीस सेकंदांत विषय सांगता आला पाहिजे.
आमच्या इमारतीतली लिफ्ट मार्चपासून बंद,
म्हणून आम्ही जिन्यात सराव केला.
इरफान मुजावर माळढोकावर काम करणार,
अजून त्याला एकही दिसलेला नाही,
हे सांगायला त्याला सहाच पायऱ्या लागल्या.
महानंदा बिराजदार ज्वारीच्या काणीवर बोलली,
मध्येच कानडीत शिरली, परत आली.
मी म्हणाले: यंत्रमागाच्या खडखडाटात
माणसाचे कान किती वर्षांत जातात, ते मोजायचंय.
खालून कुणीतरी ओरडलं, मोठ्यानं बोला.

मंगळवारी वाङ्मयचौर्य.
दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं,
त्यापुढे उत्तर द्यावं लागतं.
हात धुताना आरशात पाहिलं:
नायनांचं कपाळ, नायनांची हनुवटी.
कुणाला उत्तर द्यायचं?

बुधवारी एक सर म्हणाले, संशोधन म्हणजे विणकामच हो,
संदर्भांचा ताणा, निरीक्षणांचा बाणा.
सोलापूरला आलेले पाहुणे हे बोलतातच,
आणि जाताना चादर घेऊन जातात.
सगळ्यांनी लिहून घेतलं.
मी वहीच्या कडेला साखर पेठेतलं घर काढलं:
खाली चार माग, वर आम्ही,
जेवताना मीठ मागायचं तर बोटांनी.

गुरुवारी सिव्हिलमध्ये नेलं, कानांच्या विभागात.
आवाज न शिरणारी खोली, हातभर जाड दार.
आत बसले तर माझंच रक्त ऐकू आलं.
या गावात एवढी शांतता आहे,
कुणी सांगितलंच नव्हतं.

मग संमतीपत्र. मराठी, कानडी, उर्दू छापील होतं,
तेलुगू मी रात्री बसून केलं.
मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, सरावाला घरच्यांवर करून बघ,
मोजणीत मात्र धरू नको.
रजिस्टरवर सही करून यंत्र घरी आणलं.
नायना खाटेवर, माझ्या ओठांकडे बघत.
कलम चार वाचलं:
तुम्ही कारण न देता केव्हाही बाहेर पडू शकता.
तुमचं काही नुकसान होणार नाही.
पुन्हा वाच, म्हणाले.
पुन्हा वाचलं.
एप्पुडैना?
केव्हाही.
पैसे कापणार नाहीत?
नाही.
एक्केचाळीस वर्षं, म्हणाले,
आणि पुढे काहीच म्हणाले नाहीत.
बराच वेळ तो कागद मांडीवर,
कापडातली गाठ शोधावी तसा वर अंगठा फिरत राहिला.
मग सही केली. तेलुगूत, मोठी, कागदाबाहेर जाणारी.

हेडफोन चढवले, बटण हातात दिलं.
आवाज आला की दाबायचं, एवढंच.
मी अजून उजवा की डावा ते बघत होते,
काही पाठवलंच नव्हतं,
आणि नायना दाबत होते.
खट्, खट्, खट्,
डोळे मिटून, एका लयीत,
माग विकून सहा वर्षं झालेला माणूस.

तक्त्यात याला रकाना नाही.
शेऱ्यात काय लिहावं? मॅडम म्हणतात,
दिसलं ते लिही, वाटलं ते नको.
मी लिहिलं: आवाज नसताना प्रतिसाद, बावीस वेळा.

सोमवारी पोस्टर कसं करायचं ते शिकवणार आहेत.
अक्षर बारीक नको म्हणे,
पाच पावलांवरून, चालता चालता
वाचता आलं पाहिजे.