विषय : पंपगृहातील नारळ

पाणी आमच्याकडं पाचव्या दिवशी येतं.
त्या खेपेला आठव्या दिवशी आलं.
पंप बसवून झाला होता, वीज होती,
मुहूर्त तेवढा नव्हता.

आम्ही सात जण.
साखर पेठेच्या मागच्या बोळात,
मागांना सुट्टी असते त्या वारी
यल्लय्या गड्डमच्या कारखान्यात जमतो,
टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर बसतो.
कापसाची पूस केसांत, भुवयांत, चहात.
इतिवृत्त मी लिहिते, अक्षर माझं बरं म्हणून.

पहिल्या दोन बैठका नावातच गेल्या.
'नास्तिक' म्हटलं तर हत्तुरे सरांना घरी जेवायला मिळणार नाही.
'निधर्मी' म्हटलं की अंगावरचं काहीतरी गळून पडल्यासारखं वाटतं.
आणि 'मंडळ' म्हणावं
तर दारातली पोरं विचारतात, मूर्ती किती फुटांची?
बिननावाचेच राहिलो.
माहितीच्या अर्जाला मंडळ लागत नाही,
दहा रुपये लागतात.

उत्तर अकरा दिवस उशिरा आलं.
नारळ एकशे एक.
गुरुजी तीन, शालीसह.
मंडप, हार, पेढे, इतर किरकोळ.
लेखाशीर्ष : देखभाल व दुरुस्ती.

शहनाज नालबंद इतकी हसली
की तिचा कप फरशीवर सांडला.
"देखभाल त्यांची," ती म्हणाली, "आणि दुरुस्ती आपली."

मग फोन सुरू झाले.
मास्तर, देवालाच काढाय निघालाव म्हणे?
शहनाजला इकडचे म्हणाले, आधी तुझ्या लोकांशी बोल.
तिकडचे म्हणाले, आधी आपल्या लोकांशी बोल.
ती म्हणते, एवढं एक दोघांचं जमतं.

चौथ्या बैठकीचं इतिवृत्त :
हजर सहा. गैरहजर एक, हत्तुरे सर.
कारण : मुलीला स्थळ आलंय.
कुणी काही बोललं नाही.
त्यांचा कप मात्र गड्डमनं विसळून पालथा ठेवला,
उचलून आत नाही नेला.

त्याच दिवशी गड्डम मागाची फणी दाखवून म्हणाला,
"ही धाग्यांची दुश्मन नाय.
काढा बघू हिला. टॉवेल निघतो का गुंता, तेबी बघा."
वाक्य चांगलं होतं. मी निवेदनात घातलं,
रात्री खोडलं.
कचेरीला उपमा कळत नाहीत, तारखा कळतात.

आई सुपातल्या विड्यांना दोरा बांधत होती.
मान वर न करता म्हणाली,
"माझा देव्हारापण काढणार का तुम्ही?"
नाही गं.
"तोंडी नको. लिहून दे."

मी हसले. ती हसली नाही.
तीस वर्षं कारखान्यात विड्या मोजून दिल्यात तिनं,
तोंडी हिशोबाचं काय होतं तिला ठाऊक आहे.
तर लिहिलं, निवेदनाच्या अगदी वरती, पहिलं कलम :
कोणाच्याही घरातल्या देवाला कोणीही हात लावू नये,
आम्हीसुद्धा.
खाली मग बाकीचं, महापालिका, पैसे, पंप.

तिनं दोनदा वाचायला लावलं.
सही केली नाही.
म्हणाली, उद्या पहाटे पाणी आहे, लवकर झोप.

सोमवारी आम्ही सहा जण आवक-जावकच्या खिडकीशी.
कारकुनाच्या मागं भिंतीवर तसबीर,
ताजा हार, लुकलुकता लाल बल्ब.
त्यानं विषय वाचला.
परत वाचला.
आमच्याकडं पाहिलं, एकेकाकडं, सावकाश.

दिवसाचा पहिला कागद होता,
म्हणून सवयीनं त्यानं शिक्का आधी कपाळाला टेकवला
आणि मग आमच्या निवेदनावर मारला.

निळा ठिपका राहिला भुवयांच्या मध्ये.
शहनाजनं माझ्या दंडाला चिमटा काढला.
कुणीच काही बोललो नाही.
कागद सरकारी होता.
कपाळ त्याचं होतं.